कुलपांची वही

“या पोरीले आवाज हाये का नाही बे?”

काका वॉचमनला विचारत होते. मी दोन पावलांवर उभी होते, नेमणुकीचं पत्र हातात धरून. नोंदणीच्या हॉलमधला माझा तो पहिला दिवस. काकांनी तीनदा नाव विचारलं होतं आणि मी तीनदा सांगितलं होतं. पण समोर साठ-सत्तर माणसं, त्यांच्या पिशव्या, कडेवरची लेकरं आणि वर खडखडणारे चार पंखे. त्या सगळ्यातून माझं नाव त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

“असन, पण बंद करून ठेवला असन,” वॉचमन म्हणाला.

“मंग बसव चार नंबरवर. मशीनले काय, कान नाहीत.”

मी ऐकलं हे त्यांना कळलं. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, नाकावरचा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. “राग नको धरू व माय. इथं सगळेच मोठ्यानं बोलतात, म्हणून विचारलं.”

खामगावातलं ते डोळ्यांचं धर्मादाय रुग्णालय. जिल्हाभरातून माणसं येतात, धामणगाव बढ्यापासून डोणगावपर्यंत. काका नोंदणी विभागाचे प्रमुख होते. त्यांना सगळेच काका म्हणत, डॉक्टर मॅडमसुद्धा. डोळ्यांच्या दवाखान्यात पंचवीस वर्षं काढून त्यांनी स्वतःचे डोळे कधी तपासून घेतले नव्हते. बाजारात हातगाडीवर तयार चष्मे मिळतात, त्यातले दोन ते वापरायचे. एक जवळचं पाहायला, एक साहेब येताना दिसावेत म्हणून, असं ते सांगायचे. मॅडम रागावल्या की म्हणायचे, “मी तपासाले बसलो तं लाइन कोन पाहीन?” टेबलाच्या खालच्या खणात भाजलेल्या शेंगा असत. टरफलं ते एका जुन्या पाकिटात भरून ठेवत आणि पाकीट भरलं की बाहेरच्या शेळीला घालत. त्या शेळीचा मालक कोण हे मला चार वर्षांत कळलं नाही.

ओपीडी नऊला सुरू व्हायची. काका सात वीसला हजर. खिडक्या उघडायच्या, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पाचही मशीनचे पडदे पुसायचे, मग आपल्या मशीनवर बसून पेशंटांची फाइल उघडायची. त्यांची फाइल उघडल्यावरच बाकीची मशीनं सुरू व्हायची. त्यांच्या आधी फाइल उघडण्याची हिंमत कोणी केली नव्हती. तशी गरजही पडली नव्हती, कारण सात वीसला दुसरं कोण येणार?

या फाइलबद्दल थोडं सांगायला हवं. सगळ्या पेशंटांच्या नोंदी एकाच डेटाबेस फाइलमध्ये होत्या. फाइल आतल्या खोलीतल्या एका मशीनवर असायची आणि आमची पाच मशीनं वायरीनं तिला जोडलेली. एकानं एखाद्या पेशंटची नोंद बदलायला घेतली, की तेवढा वेळ ती दुसऱ्याला बदलता येत नाही. हे योग्यच आहे, नाहीतर एकाचं लिहिलेलं दुसरा पुसून टाकेल. पण आमच्याकडे भलत्याच नोंदी अडकत. मी एका आजोबांची नोंद उघडायची, जी दुसऱ्या कोणीही उघडलेली नाही, आणि पडद्यावर इंग्रजीत पाटी यायची : नोंद सध्या लॉक आहे, अमुक मशीनवरून. त्या पाटीला हॉलमध्ये ‘कुलूप’ म्हणत. “कुलूप लागलं!” असं कोणी ओरडलं की बाकड्यांवरची माणसं सुस्कारा सोडायची. त्यांनाही ठाऊक झालं होतं, आता दहा मिनिटं गेली. कधी टाइप केलेलं सगळं जायचं आणि डोळ्याला पट्टी बांधलेल्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून वय, गाव, औषध विचारावं लागायचं.

काकांनी यावर एक नियम काढला होता. नोंद उघडताना मोठ्यानं म्हणायचं, “बसलो!” नोंद बंद करून उठताना म्हणायचं, “उठलो!” त्यांचे वडील जलंबच्या रेल्वे फाट्यावर नोकरीला होते. एकाच रुळावर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून तिथे माणसं एकमेकांना ओरडून, घंटी वाजवून सांगत, असं काका सांगायचे. तेच त्यांनी इथे आणलं. दिवसभर हॉलमध्ये “बसलो, उठलो” चालायचं. बाकड्यावरची लेकरं नकला करायची. एकदा एक आजीबाई काकांना म्हणाल्या, “काऊन रे बाबा, गुडघे दुखतात का तुमचे सगळ्यायचे? सारखे सांगून राह्यले.”

मला ते जमेना. मी इंग्रजी शाळेत शिकले, पुढे अकोल्याला कॉम्प्युटरची पदवी घेतली आणि सगळीकडे एकच शेरा मिळवला : मुलीनं बोलायला हवं. वर्गात उभं करून बोलायला लावायचे, त्यानं आवाज आणखी आत जायचा. हॉलमध्येही पहिल्या आठवड्यात मी तोंडातल्या तोंडात “बसले” म्हणत होते. शेजारच्या तीन नंबरवरच्या सुनंदाताईंनाही ते ऐकू जात नव्हतं.

सोमवारी काकांनी माझ्या टेबलावर स्टीलचा एक ग्लास ठेवला. सोबत चमचा.

“बोलता येत नसन तं हे वाजवजो. एक ठोका म्हंजे बसली. दोन म्हंजे उठली.”

मी मान हलवली.

“वाजवून तं दाखव.”

मी एकदा वाजवला. हॉलमधली सगळी माणसं वळून पाहायला लागली. काका त्यांच्याकडे वळून म्हणाले, “काही नाही, आमची चार नंबर बसली. तुम्ही आपले नंबर पाहा.” तेवढंच. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही, कोणाला काढू दिला नाही. एका मोठ्या माणसानं ‘बोल’ न म्हणता दुसरी वाट काढून द्यावी, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. तो ग्लास अजून माझ्याकडे आहे. हल्ली मी त्यातून पाणी पिते.

दुसरी गोष्ट त्यांची वही. शंभर पानी, लाल कापडी पाठीची, वर लिहिलेलं : कुलूप. रोज लागलेल्या प्रत्येक कुलपाची नोंद त्यात असायची. “सोम. १०.४०. काउंटर ४. पेशंट ४११२ उघडेना. त्या वक्ती ४११५ काउंटर ३ वर उघडा. आभाळ. लाइट हाये. चहा झालता.” आभाळ आणि चहा कशाला, असं एकदा सुनंदाताईंनी विचारलं.

“तुले काय माहीत, कशानं लागते ते?”

“चहानं लागते कुलूप?”

“लागत नाही हे कळाले तं लिहा लागन ना?”

सुनंदाताई मान हलवत आपल्या मशीनकडे वळल्या.

त्या वहीवरून त्यांचं एक मत झालं होतं, ते सगळ्यांना सांगायचे. “हे कुलूप एकट्याले लागतच नाही. बाकड्याले लागते. एक जन पाय पसरून बसला का शेजारचे उभे. पाहा, जवळजवळचेच नंबर अडकतात. ४११२ आन् ४११५. ४११२ आन् ६००० कधी नाही.” मी मनातल्या मनात हसले होते. मी पदवीला लॉकिंगचा आख्खा धडा शिकले होते आणि हे बाकडं सांगत होते. ते हसू आठवलं की अजून कान गरम होतात.

माघात त्यांच्या भाचीचं लग्न डोणगावला होतं. तीन दिवस रजा. जाताना वही माझ्याकडे दिली. “तू बोलत नाहीस, म्हंजे लिहिशीन बरोबर.” त्या तीन दिवसांत एकही कुलूप लागलं नाही. मी रोज तारीख टाकायची आणि खाली काहीच लिहायला नसायचं. चौथ्या दिवशी काकांनी पानं उलटली.

“तीन दिवसांत एक नाही? का वहीच उघडली नाही व?”

“नाही लागलं, काका,” मी म्हणाले. पण ते माझ्यापुरतंच म्हणाले असणार, कारण त्यांनी उसासा टाकून तिथे लिहिलं : नोंद नाही. पुढच्या महिन्यात गुडघ्यासाठी दोन दिवस घरी राहिले, तेव्हाही तेच झालं आणि तेच लिहिलं गेलं. पुन्हा सांगायची माझी छाती झाली नाही.

सुनंदाताई तीन नंबरवर नजर तपासणीचे आकडे भरायच्या. म्हातारी माणसं त्यांच्यासमोर बसायची आणि कोणत्या डोळ्यानं काय दिसतं हे सावकाश आठवून सांगायची. त्यामुळे त्यांच्याकडची नोंद सगळ्यात जास्त वेळ उघडी असायची. आणि कुलपाच्या पाटीवर मशीनचं नाव येतं. दहातल्या आठ वेळा ते नाव तीन नंबरचं असायचं. सुनंदाताई पिंपळगाव राजाहून एसटीनं यायच्या, पाच दहाची गाडी चुकली की दीड तास स्टँडवर. म्हणून सगळ्यांचा समज झाला, की गाडीच्या घाईत ही बाई नोंद उघडी टाकून उठते. त्या तशा कधीच उठल्या नाहीत. मी शेजारी बसायचे, मला माहीत होतं. पण मला माहीत असण्याचा कोणाला काय उपयोग?

फाल्गुनातल्या एका बुधवारी कुलूप चार वेळा लागलं आणि धामणगाव बढ्याहून आलेल्या एका माणसाच्या थेंबांची नोंद दोनदा उडाली. त्याच्या मुलानं विश्वस्तांकडे तक्रार केली. व्यवस्थापक साहेब हॉलमध्ये आले, सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “मशीन खोटं बोलत नाही. दरवेळी तीन नंबर. बाई, उद्यापासून तुम्ही कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, कागद नेण्या-आणण्याचं काम करा. आणि शनिवारी तुमचा करार संपतोय. पुढचं आम्ही पाहू.”

पुढचं पाहू म्हणजे काय, हे हॉलमध्ये सगळ्यांना कळलं. सुनंदाताईंनी टेबलावरची आपली पाण्याची बाटली आणि डबा उचलला, पिशवीत घातला आणि “उठली,” म्हणाल्या. सवयीनं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी काकांची वही मागून घेतली. पहिल्यांदा आकडे पाहिले. बाकड्याची गोष्ट खरी होती. दोनशेच्या वर कुलपं आणि प्रत्येक वेळी अडकलेली नोंद उघड्या नोंदीच्या अगदी जवळची. मग त्या डेटाबेसच्या मदतीच्या पानांत शोधलं. आणि सापडलं. नोंदी फाइलमध्ये सुट्या सुट्या नसतात, गठ्ठ्यांनी असतात. कुलूप एका नोंदीला लावायचं की पूर्ण गठ्ठ्याला, हे प्रत्येक मशीनच्या सेटिंगमध्ये एका खुणेवरून ठरतं : खूण असली तर एका नोंदीला, नसली तर गठ्ठ्याला. मी चार मशीनं तपासली. खूण होती. पाचव्या मशीनवर नव्हती. कोणी काढली, कधी काढली, कळायला मार्ग नव्हता. पाचवं मशीन काकांचं.

पण एका मशीनवर खूण नसली तर पाचही का अडकावीत? पुढचं वाक्य मी तीनदा वाचलं. फाइल जो पहिल्यांदा उघडतो, त्याच्या मशीनची पद्धत बाकी सगळ्यांना लागू होते.

म्हणजे सात वीस. म्हणजे डोणगावचं लग्न आणि दोन दिवसांचा गुडघा. वहीत आभाळ होतं, लाइट होती, चहा होता. रोज पहिल्यांदा फाइल कोण उघडतं, एवढंच नव्हतं. ते त्यांना लिहावंसं वाटलं नसणार. सूर्य उगवला असं कोण लिहितं?

काका शेळीकडे गेले होते. मी त्यांच्या मशीनवर बसले आणि ती खूण लावली. अर्धा मिनिट लागलं नाही. मला वाटलं, झालं. आता कुलूप लागणार नाही, साहेबांचा राग उतरेल, सुनंदाताई परत बसतील, काकांना काही कळणार नाही आणि मला काही बोलावं लागणार नाही. खरं सांगायचं तर शेवटचं कारण पहिलं होतं.

शुक्रवारी दिवसभर एक कुलूप लागलं नाही. चार वाजता साहेब आले, हात मागे बांधून हॉलभर फिरले आणि म्हणाले, “पाहिलं? बाई हलवली, कुलूप गेलं.”

सुनंदाताई दारात कागदांचा गठ्ठा घेऊन उभ्या होत्या.

मी ग्लास दोनदा वाजवला, उठले आणि वही काकांसमोर ठेवली. रिकाम्या पानांवर बोट ठेवलं. मग एका कागदावर सगळं लिहून दिलं, कारण तोंडानं येईना. ते त्यांनी आधी एका चष्म्यातून वाचलं, मग दुसऱ्यातून. बराच वेळ शेंगा सोलत राहिले. खाल्ली एकही नाही, दाणे नुसते ओळीनं मांडून ठेवले.

“म्हंजे मी सगळ्यायच्या आधी येतो, त्याच्यानं?”

मी मान हलवली.

“आन् काल तू माह्या मशीनले हात लावला. मले न सांगता.”

पुन्हा मान.

“घंटी तं वाजवा लागते, पोरी,” ते म्हणाले. रागानं नाही. आणि मग थोडं हसले. “पन बाकडं बरोबर होतं का नाही माहं?”

“बरोबर होतं,” मी म्हणाले. ते त्यांना ऐकू गेलं.

मी कागदावर लिहिलं : उद्या साहेबांनी सगळ्यांची मीटिंग ठेवलीय, त्यात तुम्ही सांगाल का?

“मी सांगतलं तं साहेब म्हनन, म्हातारा बाईले वाचवाले आपल्यावर घेऊन राह्यला. माहा स्वभाव माहीत हाये त्यायले. आन् ते गठ्ठ्याचं मले समजावता येनार नाही. तू शोधलं, तू सांग.”

मी त्याखाली लिहिलं : साहेबांना हा कागद देऊ?

“सुनंदीचं नाव त्यायनं कागदावर घेतलं होतं का? हॉलमध्ये घेतलं. सगळ्यायनं ऐकलं. आता तू चिठ्ठी दिली तं ती साहेबाच्या खिशात जाईन आन् सुनंदी पिंपळगावले.” त्यांनी ओळीनं मांडलेले दाणे गोळा करून माझ्या हातावर ठेवले. “मले वाईट वाटन म्हनून भिऊन राह्यली असशीन तं नको भिऊ. वाटन. मंग जाईन.”

त्यांना वाईट वाटलं, आणि ते गेलं की नाही मला माहीत नाही. इतकंच सांगते, की त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते सात वीसलाच यायचे, खिडक्या उघडायचे, पाचही पडदे पुसायचे आणि आपल्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसून राहायचे. फाइलला हात लावायचे नाहीत. पावणेनऊला मी पोचले की म्हणायचे, “उघड व, पहिली तू.” सेटिंग दुरुस्त झालंय, आता कोणीही उघडलं तरी चालतं, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं. “हाव, माहीत हाये. पन तू उघड.” आणि वहीच्या नव्या पानांवर चहाच्या आधी एक नवीन रकाना आला होता : पहिलं कोन.

शनिवारी ओपीडी संपल्यावर दोन वाजता हॉलमध्येच मीटिंग झाली. साहेब उभे, आम्ही पेशंटांच्या बाकड्यांवर. सुनंदाताई सगळ्यात मागे, पिशवी मांडीवर घेऊन. साहेबांनी पाण्याचं सांगितलं, सुट्ट्यांचं सांगितलं. मग घसा साफ करून म्हणाले, “आता तीन नंबरच्या जागेचा विषय.”

मी हात वर केला. त्यांना दिसला नाही. मी “सर” म्हणाले. पंख्याखाली ते कुठे गेलं कोणास ठाऊक. काका पहिल्या बाकड्यावर होते. ते वळले नाहीत. नुसते बसून राहिले, हात मांडीवर ठेवून.

मी ग्लास सोबत आणला होता. एकदा वाजवला.

त्या हॉलमध्ये तो आवाज आला की माणसं थांबायची, इतकी सवय झाली होती. साहेबही थांबले. सगळ्या माना वळल्या, सुनंदाताईंचीसुद्धा. काका समोर पाहत मोठ्यानं म्हणाले, “आमची चार नंबर बसली हाये. बोल व माय.”

मी उभी राहिले. चमचा हातातच होता.

“सर, कुलूप सुनंदाताईंमुळे लागत नव्हतं,” मी म्हणाले. माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला, मला ऐकू आला. “फाइल रोज पहिल्यांदा काकांच्या मशीनवर उघडायची आणि त्यातली एक खूण निघालेली होती. ती मी गुरुवारीच लावली, आणि दोन दिवस गप्प बसले.”